उंड्याचे पुंडलिकभाई

चवथीला आठ दिवस होते. घराला रंग लावून झाला होता आणि बायको हॉलमध्ये पाटावर बसून गणपतीसाठी वाती वळत होती. काचेच्या टाकीसमोरून जाताना मला दिसलं की उंड्याच्या डोक्यामागच्या झुपक्याला पांढरा कापूस चिकटलाय. मी वळून म्हणालो, "वाती वळायच्या तर जरा लांब बस ना. तुझा कापूस त्या बिचाऱ्याच्या अंगावर उडालाय."

"टाकीला झाकण आहे," बायको म्हणाली.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाची थांबायची सवय गेलेली असते. मी आरशाजवळचा तिचा चिमटा आणला, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून तो कापूस ओढला. कापूस आला नाही. उंडो आकसला, कोपऱ्यात तोंड घालून बसला आणि मी ओढत होतो तिथे एक लाल ठिपका दिसायला लागला.

तो कापूस नव्हता, बुरशी होती. हे मला पुंडलिकभाईंनी सांगितलं, आणि त्यांच्याविषयीच मला लिहायचं आहे. पण ते ज्याच्यासाठी आमच्या घरी आले त्याची ओळख आधी करून द्यायला हवी.

उंडो म्हणजे आमच्या सईचा ॲक्सोलॉटल. जन्मभर पाण्यात राहणारा, वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार पायांचा प्राणी. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन तीन कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. पदेर सकाळी सायकलवरून जो गोल, फुगीर पाव आणतो त्याला आमच्याकडे उंडो म्हणतात. सईने हा प्राणी पहिल्यांदा घरी आणला तेव्हा बायको म्हणाली, "हा तर कच्चा उंडो दिसतो," आणि नाव पडलं. त्याचं मूळ गाव मेक्सिकोतली थंड पाण्याची तळी. मेक्सिको मी दर वर्षी शिकवतो. तिथल्या चांदीच्या खाणी मला तोंडपाठ आहेत, या प्राण्याबद्दल मात्र चकार शब्द ठाऊक नव्हता.

जूनमध्ये सईला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिने फ्रिजच्या दारावर अकरा नियमांचा कागद लावला. पहिला नियम, पाणी अठरा अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणून घरातला एकमेव एसी तिच्या खोलीत उंड्यासाठी चालायचा आणि आम्ही नवराबायको हॉलमध्ये पंख्याखाली झोपायचो. "चवथीला येते. तोवर सांभाळा बाबा," इतकंच ती बोलली, पण हे बोलताना ती माझ्याकडे न बघता आईकडे बघत होती. पुढे चवथीच्या बाजाराची यादी त्याच कागदावर, त्याच चुंबकाखाली लागली आणि अकरा नियम नारळ-सुपाऱ्यांमागे गेले.

"मयेच्या पुंडलिकभाईंना फोन करा," चिमट्याचा प्रकार पाहून बायको म्हणाली. "माझ्या मावशीचे मासे त्यांनीच वाचवले होते."

तासाभरात ते बसने डिचोलीला उतरून चालत आले. सत्तरीचे, काडीसारखे, पांढरा शर्ट, दोन्ही मनगटांपर्यंत बटणं लावलेली. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. एका हातात नळी धरून त्याच हाताने वेळ बघता यावी म्हणून लागलेली ही सवय. तीस वर्षं ते एका खाणीच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासत होते. खाणी थांबल्या तेव्हा बाकीच्यांनी ट्रक विकले, कोणी केरीला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. पुंडलिकभाई तपासण्याची सवय घेऊन घरी आले. मातीच नव्हती, म्हणून पाणी तपासायला लागले. आधी स्वतःची विहीर, मग शेजाऱ्यांच्या, मग देवळाची तळी, आणि शेवटी लोकांच्या घरातल्या काचेच्या टाक्या. कुठेही पाणी दिसलं की आधी वाकून वास घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांना तांब्याचा वास घेताना मी पाहिलंय.

त्यांची दुसरी एक तऱ्हा होती. माणसांना ते तू म्हणत, सरपंच असो की दोतोर. जनावरांना मात्र तुम्ही.

"कितें साहेब, बरें दिसना तुमकां?" ते टाकीसमोर बसत उंड्याला म्हणाले. मग मला, "तू मागे हो. उजेड अडवतोस."

अर्धा तास त्यांनी पाण्याला हात लावला नाही. बघत बसले. मी शेजारी उभा राहून विद्वत्ता दाखवायचा प्रयत्न केला की हसतोय म्हणजे फारसं दुखत नसावं.

"तोंड बघू नको," ते म्हणाले. "तोंड देवाने तसंच केलंय. मरतानाही हसेल. कल्ले बघ. पुढे वळलेत ना? पाण्याला ओढ नसताना पुढे वळले म्हणजे त्यांना पाणी सोसत नाही. शेपटीचं टोक बघ, आकड्यासारखं झालंय. जेवले कधी?"

"तीन दिवस नाही. मला वाटलं, रंगाच्या वासाने..."

"तीन दिवस," त्यांनी पिशवीतून शाळकरी वही काढून लिहिलं. मानेचे झुपके दाखवत म्हणाले, "हा कापूस शेवटी येतो. आधी पाणी बिघडतं, मग जेवण जातं, मग कल्ले वळतात, मग कापूस. तुला कापूसच तेवढा दिसला."

बायकोने चहा आणला. त्यांनी हात जोडले. "वहिनी, राग मानू नको. पेशंट जेवल्याबगर हांव च्या घेना."

बायकोला ते लागलं. आमच्याकडे आल्यागेल्याने चहा नाकारला की घरचं काही चुकलं असं धरतात. पुढे मावशीकडून कळलं की हा त्यांचा सगळीकडचाच नियम. केरीला एका हॉटेलवाल्याच्या कुंडातले रंगीत मासे एकामागून एक मरत होते. पुंडलिकभाई तिथे तासभर बसून माशांऐवजी माळ्याला बघत राहिले. माळी जास्वंदीवर कीड मारायचं औषध फवारत होता आणि समुद्राकडचा वारा ते सगळं कुंडात नेत होता. फवारणी थांबवली, पाणी बदललं. हॉटेलवाल्याने बियर, जेवण, काय काय पुढे केलं, पण हे तसेच उठून बसच्या वाटेला लागले. बारा दिवसांनी मासे खायला लागल्याचा फोन आला तेव्हा मयेहून दोन बसगाड्या बदलून केरीला गेले, एक कप चहा घेतला आणि परत आले. "चहा म्हणजे फाईल बंद," असं ते म्हणत. एकदा चहा झाला की पुन्हा बोलावल्याशिवाय त्या घराची पायरी चढायची नाही.

आमच्या घरी फाईल नुकती उघडली होती. त्यांनी टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात कसलेसे थेंब टाकले, हलवलं आणि आतल्या बाजूच्या घड्याळात बघत बसले. पाणी हळूहळू हिरवं झालं, म्हणजे त्यात विष साठलं होतं. मग त्यांनी फिल्टरमधला स्पंज काढून हातात घेतला. स्पंज नव्यासारखा पिवळाधमक होता.

"कोणी धुतला?"

मी भिंतीकडे बघितलं. नव्या रंगाची छटा छान आली होती. "कोणीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं: 'स्पंज धुतलेला. मास्तर नाही म्हणतो.'

तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. एकदा त्यांच्या साहेबाने जहाज भरायच्या घाईत त्यांना सांगितलं की या नमुन्यातल्या लोखंडाचा आकडा जरा वर घे. पुंडलिकभाईंनी जो आला तोच आकडा लिहिला आणि पुढच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात, 'साहेब वर घे म्हणतो' अशी नोंद केली. भांडण नाही, आवाज नाही. साहेबाने तो कागद बघितला आणि पुन्हा कधी काही सांगितलं नाही. मला हे नंतर समजलं. पण वहीतलं माझ्याबद्दलचं वाक्य वाचून जे त्या साहेबाला झालं असेल तेच मला झालं.

"मी धुतला," मी म्हणालो. "चवथीसाठी सगळं घर धुतलं ना. टाकी इथे हॉलमध्ये आणली, कारण तिच्या खोलीला रंग चालला होता. स्पंजवर तपकिरी घाण होती. नळाखाली चोळून चोळून काढली. पाणीही सगळं नवं भरलं."

बायकोने वाती वळायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"वहिनी," पुंडलिकभाई तिला म्हणाले, "विरजणाचं भांडं तू घासून पालथं घालतेस?"

"नाही हो. थोडं ठेवते. नाहीतर दही कसं लागणार?"

"ह्याने घासलं. ती घाण नव्हे, ते ह्या टाकीचं विरजण. त्यातले जंतू साहेबांची विष्ठा पचवतात. ते मेले, तेव्हा विष पाण्यात राहिलं. वर नळाचं क्लोरीन, वर हॉलचा उकाडा." त्यांनी पाण्यात थर्मामीटर सोडला. सत्तावीस. वहीत माझ्याविषयीच्या वाक्यावर रेघ मारून त्यांनी शेजारी लिहिलं: 'मास्तर हो म्हणतो.'

मला वाटलं आता उपचार सुरू होणार. पण त्यांनी वही मिटली. "धनीण कोण?"

"सई. पुण्याला असते."

"तिला सांग. धनिणीला कळल्याबगर मी हात लावत नाही."

आदल्या रात्रीच सईचा फोन आला होता. उंडो कसा आहे विचारलं तेव्हा मी "मजेत" म्हणालो होतो. आता तोच फोन पुंडलिकभाईंच्या देखत करायचा होता. मी केला. चिमट्यासकट सगळं सांगितलं.  मग सई म्हणाली, "नियम चौथा, बाबा. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. काल मजेत म्हणालात. आता पुढे तुम्ही ठीक म्हणालात तर मी काय समजायचं?"

 पुंडलिकभाईंनी फोन मागून घेतला.

"बाय, हांव पुंडलिक. दोतोर न्हय, पाण्याचो मनीस. तुझ्या ओळखीचा दोतोर असेल तर त्याला आत्ता फोटो पाठव."

"वाचेल ना तो?"

"आज सांगत नाही. रोज संध्याकाळी वहीचं पान पाठवतो. बापूस काय म्हणतो ते ऐकू नको, पान वाच."

पणजीला असले प्राणी बघणारी एक डॉक्टरीण होती. तिने फोटो बघून कळवलं की मिठाचं न्हाण चालू करा, औषध आपल्या मनाने काही घालू नका, आणि कातडीवर जखम दिसली किंवा चार दिवसांत फरक पडला नाही तर घेऊन या. पुंडलिकभाईंनी तेही लिहून घेतलं.

मी स्वयंपाकघरातून मिठाची पुडी आणली. त्यांनी ती उलटीसुलटी करून परत दिली. "आयोडीनवालं नको. आगरचं आहे?"

पेडण्याच्या मिठागरातलं जाडं मीठ पावसाआधी भरून ठेवणं आमच्याकडे अजून आहे, लोणच्याला आणि खाऱ्या माशांना. बायकोने मातीच्या बरणीतून ओंजळभर काढून दिलं. "वहिनी हुशार," ते म्हणाले. माझ्याबद्दल काही म्हणाले नाहीत. मीठ विरघळवून, खालचा गाळ राहू देऊन, वरचं निवळ पाणी तेवढं घेतलं. लिटरला दोन चमचे, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. उंडो तडफडला तर त्याआधीच बाहेर. बाकी वेळ तो सईच्या खोलीत, एसीत, झाकलेल्या टबात. रोज सगळं पाणी नवं, क्लोरीन घालवलेलं, आधी खोलीत ठेवून थंड केलेलं. आणि, डॉक्टरिणीला विचारून, त्या पाण्यात बदामाचं सुकून लाल झालेलं एक पान. ही पानं पुंडलिकभाई मयेच्या तळ्याकाठी वेचत. पाणी फिक्या चहासारखं व्हायचं. "ह्यांचा चहा चालू," बायको पुटपुटायची. "आमचा तेवढा बंद."

दुसऱ्या दिवशी उंडो आणखी खराब दिसला. कापूस दुसऱ्या बाजूच्या कल्ल्यावरही आला होता आणि टबात हात गेला तरी तो हलत नव्हता. मी पुंडलिकभाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "आज पानात जरा सांभाळून लिहा. पोरगी तिथे एकटी आहे."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, आज मी बरं लिहिलं, तर ज्या दिवशी खरंच बरं होईल त्या दिवशी ती खरं कशी मानेल?"

आणि लिहिलं: 'कापूस दोन्ही बाजूंना. जेवण नाही. कालच्यापेक्षा वाईट.' खाली, वेगळ्या ओळीत: 'मास्तराने तीनदा पाणी बदललं. जेवला नाही.'

हा न जेवलेला मीच होतो. सईने पान वाचून मला नाही, आईला फोन केला. "बाबांना जेवायला सांग," म्हणाली. माझ्याशी बोलत नसली तरी तिने मला टाकलं नव्हतं, हे मला त्या वहीमुळे कळलं.

रोज सकाळी नवाच्या बसने पुंडलिकभाई यायचे, संध्याकाळच्या बसने जायचे. मधल्या वेळेत मला शिकवायचे. टबात हात घालण्याआधी कोपरापर्यंत हात धू, साबण लावू नको. जाळीने धरू नको, कल्ले अडकतात. भांडं पाण्यात बुडव आणि त्यांना चालत आत येऊ दे. मी घाई केली की म्हणायचे, "साहेबांना विचारलंस?" चौथ्या दिवशी कापूस विरळ झाला. पानावर लिहिलं होतं: 'कालच्यापेक्षा वाईट नाही.' एवढ्या तीन शब्दांवर आमच्या घरात गोड केलं गेलं.

सहाव्या दिवशी त्यांनी आपल्या परसातलं एक गांडूळ डबीतून आणलं, धुतलं आणि चिमट्याने, म्हणजे त्याच ऐतिहासिक चिमट्याने, उंड्याच्या नाकासमोर धरलं. आम्ही तिघं टबाभोवती उकिडवे बसलो होतो. उंडो हलला नाही. पुंडलिकभाईंचा हातही हलला नाही. किती वेळ गेला ते आतल्या घड्याळालाच ठाऊक. मग एकदम तोंड उघडलं, मिटलं आणि गांडूळ अर्धं आत. उरलेलं अर्धं मिशीसारखं लोंबत होतं. मग तेही गेलं.

पुंडलिकभाई गुडघ्यांवर हात टेकून उठले, बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर नीट बसले आणि म्हणाले, "वहिनी, च्या कर. साखर कमी करू नको."

बायकोने चांगल्यातली कपबशी काढली. ते दोन कप प्यायले. मग पिशवीतून ओला स्पंजाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "माझ्या टाकीतलं विरजण. तुझ्या फिल्टरमध्ये घाल. महिनाभर लागेल. तोवर साहेब टबात. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीच्याच पाण्यात, एकदा पिळायचा. तुझा हात फार स्वच्छ आहे, तेवढा आवर."

चवथीच्या आदल्या दिवशी सई आली. चपला काढून तडक टबाकडे गेली आणि बराच वेळ तिथेच बसली. मग फ्रिजवरची बाजाराची यादी काढून मागचा कागद वर आणला आणि पेनाने बारावा नियम लिहिला: 'बाबांनी कापूस ओढू नये.' त्याखाली आणखी एक: 'पान रोज पाठवावे.' हा तेरावा नियम आजही चालू आहे. मी रोज संध्याकाळी चार ओळी लिहून तिला पाठवतो. पाणी किती अंश, उंडो काय जेवला, आई काय म्हणाली. नियमच असल्यामुळे खरं तेच लिहावं लागतं.

फाईल बंद झाली तसे पुंडलिकभाई पुन्हा आले नाहीत. रस्त्यात भेटले तर "साहेब बरे आसात?" एवढं विचारायचे. आम्हीच कधी मयेला जायचो. त्यांच्या पडवीत बाटल्यांची रांग असायची, प्रत्येकीवर विहिरीचं नाव. यंदा मेमध्ये असाच नमुना काढताना ते विहिरीच्या काठावर घसरले. मोठं काही झालं नाही, पण बंगळूरचा मुलगा हटून बसला. गुडघ्याचं ऑपरेशन तिथे करायचं आणि मग तिथेच राहायचं. गावात सगळे म्हणाले, आता कसले परत येतायत.

जायच्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. न बोलावता. मी चकितच झालो. काठी टेकत सईच्या खोलीत गेले, वाकून टाकीचा वास घेतला, थर्मामीटर बघितला. "कितें साहेब?" उंडो काचेजवळ आला. त्याचे कल्ले आता बाटल्या धुवायच्या ब्रशसारखे दाट झालेत. मी गांडूळ दिलं, त्याने ते एका झटक्यात घेतलं. पुंडलिकभाई मान हलवत बघत राहिले.

बायको चहा घेऊन आली.

"आज नाका, वहिनी."

"अहो, जेवला ना तो तुमच्यासमोर?"

"जेवले. पण नाका."

 मी त्यांना विचारलं, काही दिसतंय का, कल्ले, शेपूट? त्यांनी वही काढली नाही. "विमानाची वेळ झाली," म्हणाले.

मोप्याच्या विमानतळावर मीच त्यांना गाडीने सोडलं, बायकोही आली. सामान म्हणजे एक बॅग आणि ती कापडी पिशवी. पिशवीत बदामाची सुकी पानं. "बंगळूरला कोणाकडे तरी टाकी असतलीच," एवढंच वाटेत बोलले. चाकाची खुर्ची घ्या म्हटलं तर नको म्हणाले. आत जायच्या दाराशी एक मोठी पितळी उरळी ठेवली होती, पाण्यात झेंडूच्या पाकळ्या. पुंडलिकभाई तिथे थांबले. काठी बगलेत धरून वाकले, वास घेतला, बोट बुडवून बघितलं. दारावरच्या जवानाला ते काहीतरी म्हणाले. नक्की तू म्हणून बोलले असणार. तो जवान आधी गोंधळला, मग त्यानेही वाकून उरळीत बघितलं. मग काच सरकली आणि पांढरा शर्ट आतल्या गर्दीत गेला.

परतीच्या वाटेवर माळरान संपलं. मग म्हणालो, "टाकीत काहीतरी बिघडलंय. नाहीतर चहा का नाही घेतला? जाता जाता माणूस घोटभर तरी घेतो."

बायको खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "टाकी ठीक आहे. चहा घेतला असता तर फाईल बंद झाली असती. परत येणार आहेत ते. जाताना साखर घेऊ या."